विरोधी आमदाराच्या प्रश्नाला ‘हे खरे नाही’ एवढंच उत्तर का येतं, आणि तसं येऊ नये म्हणून प्रश्न कसा लिहावा?

तुमचा प्रश्न असा आहे: तालुक्यातल्या ग्रामीण रुग्णालयाची इमारत रखडली आहे. तुमचे आमदार विरोधी बाकावर आहेत. त्यांनी खर्चाबद्दल विधानसभेत तारांकित (सभागृहात तोंडी उत्तर मागणारा) प्रश्न टाकला, तर छापील उत्तर आलं, ‘(१) हे खरे नाही. (२) ते (५) प्रश्न उद्भवत नाही.’ मग विरोधकांनी प्रश्न विचारण्यात काही अर्थ उरतो का?

उरतो, आणि भरपूर उरतो. पण असं उत्तर येतं तेव्हा बहुतेक वेळा दोष प्रश्नाच्या बांधणीत असतो. प्रश्नाचा साचा ठरलेला असतो: ‘सन्माननीय मंत्री पुढील गोष्टींचा खुलासा करतील काय’, मग ‘(१) … हे खरे आहे काय, (२) असल्यास…, (३) असल्यास, चौकशी केली आहे काय, (४) असल्यास, काय कार्यवाही केली, (५) नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत?’ या साच्यात दोन सापळे आहेत, आणि प्रश्न लिहिणारे वर्षानुवर्षं त्यातच अडकतात.

पहिला सापळा म्हणजे एका भागात चार आरोप. नमुना बघा: ‘सदर रुग्णालयाच्या इमारतीचे काम निधीअभावी गेल्या अनेक वर्षांपासून बंद असून ठेकेदार व अधिकारी यांच्या संगनमताने कोट्यवधी रुपयांचा अपहार झाला आहे, हे खरे आहे काय.’ हे वाक्य मंत्रालयात कक्ष अधिकाऱ्याच्या टेबलावर जातं. तो क्षेत्रीय कार्यालयाकडून माहिती मागवतो, मसुदा करतो, तो सचिवांमार्फत मंत्र्यांकडे जातो. या साखळीत प्रत्येकाला एकच काळजी असते, मंत्र्यांच्या नावावर चुकीचं विधान जाऊ नये. काम बंद आहे हे खरं, पण कारण निधी नसून जागेचा वाद आहे, एवढी एक फट पुरते. वाक्यातला एक तुकडा चुकला की संपूर्ण वाक्याला ‘हे खरे नाही’ लिहिता येतं, आणि तांत्रिकदृष्ट्या ते खोटंही ठरत नाही.

दुसरा सापळा ‘असल्यास’चा. पहिल्या भागाला नकार आला की ‘असल्यास’ने सुरू होणारे सगळे भाग आपोआप पडतात. म्हणून आकडे मागणारे भाग पहिल्यावर टांगायचे नाहीत, ते स्वतंत्र ठेवायचे.

तोच प्रश्न मी असा लिहीन:

(१) सदर रुग्णालयाच्या इमारतीस दिनांक अमुकच्या शासन निर्णयान्वये प्रशासकीय मान्यता देण्यात आली, हे खरे आहे काय,
(२) मूळ व सुधारित प्रशासकीय मान्यतेची रक्कम किती आहे, तसेच कार्यारंभ आदेशाचा दिनांक व काम पूर्ण करण्याची मुदत काय आहे,
(३) सन २०२२-२३ ते २०२४-२५ या वर्षांत सदर कामासाठी वर्षनिहाय व लेखाशीर्षनिहाय किती तरतूद करण्यात आली, किती निधी वितरित झाला व प्रत्यक्ष खर्च किती झाला,
(४) दिनांक ३१ मार्च २०२५ रोजी अंमलबजावणी यंत्रणेकडे अखर्चित किती रक्कम शिल्लक होती व ती कोणत्या खात्यात होती,
(५) मुदतवाढ किती वेळा, कोणत्या कारणास्तव दिली व विलंबाबाबत कोणती दंडात्मक कारवाई केली?

यात एकही आरोप नाही. पहिल्या भागातला शासन निर्णय सरकारच्याच संकेतस्थळावर सापडतो, त्यामुळे तिथे ‘होय’ म्हणावंच लागतं. बाकी भागांना ‘उद्भवत नाही’ हे उत्तर बसतच नाही. आरोप करायचाच असेल तर तो आकडे हातात आल्यावर उपप्रश्नात, म्हणजे मंत्र्यांच्या उत्तरावर सभागृहात लगेच विचारायच्या पुढच्या प्रश्नात, करावा.

आता तिसऱ्या भागातल्या त्या तीन शब्दांविषयी, कारण खर्चाच्या प्रश्नांत सगळी गल्लत तिथेच होते. तरतूद म्हणजे अर्थसंकल्पात धरलेला पैसा. वितरण म्हणजे त्यातला वित्त विभागाच्या मर्यादेत खालच्या कार्यालयाला खरोखर सोडलेला पैसा. खर्च म्हणजे कोषागारातून निघालेला पैसा. ‘निधी किती दिला’ असं मोघम विचारलं की उत्तरात तरतुदीचा आकडा येतो, कारण तो सगळ्यात मोठा असतो. शिवाय कोषागाराच्या दृष्टीने खर्च झाला म्हणजे विटा रचल्या गेल्या असं नाही. मार्चअखेर निधी व्यपगत (रद्द) होऊ नये म्हणून तो एखाद्या महामंडळाच्या बँक खात्यात किंवा वैयक्तिक ठेव लेख्यात (अधिकाऱ्याच्या पदनावे असलेल्या ठेव खात्यात) वळवला की हिशेबात खर्च दिसतो आणि पैसा मात्र पडून असतो. सरकारी हिशेब तपासणाऱ्या महालेखापालांनी यावर आणि थकलेल्या उपयोगिता प्रमाणपत्रांवर (पैसा ठरल्या कामावर खर्च झाल्याच्या दाखल्यांवर) वारंवार बोट ठेवलं आहे. चौथा भाग त्यासाठीच आहे. आमदाराने एकच भाग ठेवायचा म्हटला तर मी हाच ठेवीन.

लेखाशीर्ष, म्हणजे खर्च कोणत्या सदराखाली टाकला ते सांगणारा क्रमांक, लिहायला कंटाळू नका. चार अंकी मुख्य शीर्षातला पहिला आकडाच बरंच सांगतो: २ किंवा ३ असेल तर महसुली खर्च, ४ किंवा ५ असेल तर भांडवली, ६ किंवा ७ असेल तर कर्जे व आगाऊ रकमा. आरोग्यसेवेचा चालू खर्च २२१० खाली, इमारतीचा भांडवली खर्च ४२१० खाली. ‘आरोग्यावर इतके कोटी खर्च केले’ असं मंत्री सांगतात तेव्हा त्यात पगार किती आणि इमारती किती, हे या दोन शीर्षांतून वेगळं होतं. राज्याच्या ‘बीम्स’ या अर्थसंकल्पाच्या ऑनलाइन प्रणालीवर योजनानिहाय तरतूद, वितरण आणि खर्च पाहता येतो. तिथला आकडा आधी टिपून ठेवावा आणि मगच प्रश्न टाकावा. ज्याचं उत्तर अंदाजाने तरी ठाऊक आहे असाच प्रश्न विचारण्यात ताकद असते.

प्रश्न कोणाला विचारायचा हेही ठरवावं लागतं. रुग्णालयाचा पैसा सार्वजनिक आरोग्य विभागाचा, काम बहुधा सार्वजनिक बांधकाम विभागाकडे. एकाच प्रश्नात दोन्ही कोंबलं तर प्रश्न या विभागातून त्या विभागात हस्तांतरित होत राहतो आणि अधिवेशन संपतं. निधीचा प्रश्न आरोग्यमंत्र्यांना, मोजमाप पुस्तिकेतल्या (झालेल्या कामाची मापं लिहिण्याच्या वहीतल्या) नोंदी आणि ठेकेदाराला दिलेल्या रकमेचा प्रश्न बांधकाममंत्र्यांना, असे दोन वेगळे टाकावेत. न्यायप्रविष्ट बाब, नुसतं मत विचारणारा किंवा ‘जर-तर’चा प्रश्न अध्यक्ष स्वीकारत नाहीत. लोकसभेत तर १५० शब्दांची मर्यादा आणि किमान १५ दिवसांची पूर्वसूचना आहे. विधानसभेतही सूचना अधिवेशनाच्या बऱ्याच आधी द्याव्या लागतात, त्यामुळे अधिवेशन लागल्यावर धावपळ करून काही होत नाही.

तारांकित की अतारांकित (फक्त लेखी उत्तराचा)? इथे माझं मत बहुतेक कार्यकर्त्यांना रुचत नाही. सगळ्यांना तारांकितच हवा असतो, कारण सभागृहात नाव पुकारलं जातं. पण एका तासात यादीतले मोजकेच प्रश्न पुकारले जातात, बाकीच्यांची लेखी उत्तरं तेवढी पटलावर येतात. आकडेवारी हवी असेल तर अतारांकित प्रश्न टाकावा, सविस्तर तक्ता मिळवावा, आणि पुढच्या अधिवेशनात त्या तक्त्यावर तारांकित प्रश्न बांधावा. विषय तातडीचा असेल तर विधानसभेच्या नियम १०५ खाली लक्षवेधी सूचना आहे, तीत मंत्र्यांचं लक्ष त्या विषयाकडे वेधून निवेदन मागता येतं.

तारांकित प्रश्न पुकारला गेला तर खरं काम उपप्रश्नाचं. छापील उत्तर सगळ्यांच्या हातात असतं. ते पुन्हा वाचून दाखवत पाच मिनिटं भाषण केलं की अध्यक्ष पुढचा प्रश्न पुकारतात. एक वाक्य पुरे: ‘छापील उत्तरात खर्च अमुक दाखवला आहे, मोजमाप पुस्तिकेत काम तमुक रकमेचं आहे. या तफावतीची चौकशी किती दिवसांत करणार आणि अहवाल सभागृहाच्या पटलावर ठेवणार का?’ यातले ‘किती दिवसांत’ आणि ‘पटलावर’ हे दोन शब्द सोडायचे नाहीत. ‘योग्य ती कार्यवाही करू’, ‘बैठक घेऊ’ यात धरायला काही नसतं. ‘३० दिवसांत चौकशी करू’ हे मात्र आश्वासन ठरतं, आणि आश्वासन समिती ते पूर्ण होईपर्यंत विभागाच्या मागे लागू शकते. लोकसभेत आश्वासनपूर्तीला तीन महिन्यांची मुदत आहे. आमदाराच्या कार्यालयात याची वही हवी: दिनांक, प्रश्न क्रमांक, मंत्र्यांचे नेमके शब्द. ही वही ठेवली नाही तर जिंकलेला प्रश्नही वाया जातो.

या सगळ्याने खरंच काही हलतं का, असं तुम्ही विचारलं आहे. कायदेमंडळात प्रश्न विचारण्याचा हक्क आपल्याकडे १८९२च्या कायद्याने आला आणि उपप्रश्नाचा १९०९ मध्ये. मधल्या काळात, १९०२ साली, गोपाळ कृष्ण गोखले यांनी सरकारचेच आकडे घेऊन दाखवून दिलं की अर्थसंकल्पातली शिल्लक हे सुबत्तेचं लक्षण नाही, लोक दुष्काळात होरपळत असताना जादा कर वसूल केल्याचं ते फळ आहे. मतदानात त्यांना काहीच करता येणार नव्हतं, तरी ते भाषण देशभर गाजलं. पुढे १९५७ मध्ये आयुर्विमा महामंडळाने उद्योगपती मुंदडा यांच्या कंपन्यांचे सुमारे सव्वा कोटींचे शेअर का घेतले, हा विषय लोकसभेत प्रश्नातूनच उघडला. तो लावून धरणारे फिरोज गांधी तर सत्ताधारी पक्षाचेच होते. न्या. छागला यांच्या आयोगाने चौकशी केली आणि १९५८ च्या फेब्रुवारीत अर्थमंत्री टी. टी. कृष्णम्माचारी यांना राजीनामा द्यावा लागला.

हक्काबद्दल एक गैरसमजही दूर करतो. २०२४च्या विधानसभा निवडणुकीत २८८ पैकी एक दशांश, म्हणजे २९ जागा एकाही विरोधी पक्षाला मिळाल्या नाहीत आणि त्यामुळे विरोधी पक्षनेतेपदाचा वाद झाला. पण प्रश्न, लक्षवेधी, कपात सूचना (विभागाने मागितलेली रक्कम कमी करा अशी सूचना) हे हक्क प्रत्येक सदस्याचे आहेत. विरोधी पक्षनेता असो वा नसो, ते तसेच राहतात.

कपात सूचनेचा वापर आपल्याकडे फारच कमी समजून होतो. संविधानाच्या अनुच्छेद २०३ नुसार विधानसभा अनुदानाची मागणी मान्य करू शकते, नाकारू शकते किंवा कमी करू शकते. वाढवू शकत नाही. धोरणच अमान्य असेल तर मागणी एक रुपयापर्यंत कमी करावी अशी सूचना, काटकसर हवी असेल तर ठरावीक रकमेची, आणि एखादी विशिष्ट तक्रार मांडायची असेल तर शंभर रुपयांची. ती मंजूर होणार नाही, कारण झाली तर सरकारवरच अविश्वास ठरेल. तरी द्यावी, कारण चर्चेला वेळ मिळाला तर त्या विभागाच्या मंत्र्यांसमोर तुमचं रुग्णालय नावानिशी येतं. वेळ संपला की उरलेल्या मागण्या चर्चेविना मतास टाकल्या जातात, म्हणून ज्या विभागाची मागणी चर्चेला लागली आहे तिच्यावरच जोर लावावा. पुरवणी मागण्यांचं (अर्थसंकल्पानंतर मागितलेल्या जादा खर्चाचं) पुस्तकही चाळावं. त्यात एखाद्या कामापुढे हजार रुपयांची लाक्षणिक तरतूद दिसली, तर गावात फलक लागला तरी कामाला पैसा अजून आलेला नाही असं समजा.

लोकलेखा समितीचं (महालेखापालांचे अहवाल तपासणाऱ्या सदस्यांच्या समितीचं) अध्यक्षपद विरोधकांकडे देण्याचा संकेत आहे, लोकसभेत तो १९६७ पासून पाळला जातो. तिथे मंत्र्यांची भाषणं नसतात, सचिवांची साक्ष होते. महालेखापालांच्या अहवालात तुमच्या रुग्णालयाचा किंवा त्या योजनेचा परिच्छेद असेल तर आमदारांनी समितीच्या सदस्याला तो दाखवावा.

तुम्हाला स्वतःला आत्ता करता येण्यासारखं: त्या छापील उत्तराचा प्रश्न क्रमांक आणि दिनांक मिळवा. मग माहितीच्या अधिकारात बांधकाम विभागाच्या विभागीय कार्यालयाकडे त्या कामाचा कार्यारंभ आदेश, मुदतवाढीचे आदेश, अदा केलेली देयके आणि मोजमाप पुस्तिकेच्या प्रती मागा. उत्तराची मुदत ३० दिवस, आणि पहिल्या अपिलाला आणखी तेवढे धरा. म्हणजे पुढच्या अधिवेशनाच्या प्रश्नसूचना सुरू होण्याच्या दोन-अडीच महिने आधी अर्ज गेला पाहिजे. कागद आले की वरच्या साच्यातल्या मोकळ्या जागी दिनांक आणि रकमा भरून प्रश्न आमदारांच्या स्वीय सहाय्यकाकडे तयारच नेऊन द्या.