जावेचं ताट वेगळं का?
आरोग्य : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : माझ्या थोरल्या जाऊबाई विधवा आहेत. त्यांना एचआयव्ही आहे, सरकारी दवाखान्यातून गोळ्या चालू आहेत. सासूबाईंनी त्यांचं ताट-तांब्या वेगळा काढलाय आणि धाकटे दीर त्यांना माहेरी पाठवा म्हणतात. माझा आठ महिन्यांचा मुलगा दिवसभर त्यांच्याच अंगाखांद्यावर असतो. संडास एकच, डासही फार. बाळाला धोका आहे का?
(एक वाचक, सोलापूर जिल्हा)

उत्तर : नाही. ते ताट आजच घरच्या मांडणीत परत ठेवा. एचआयव्ही पसरतो तो रक्त, वीर्य, वीर्याआधी येणारा स्राव, योनीतला आणि गुदद्वारातला स्राव आणि अंगावरचं दूध यांतून. तोही हे द्रव दुसऱ्याच्या रक्तात, जखमेत किंवा आतल्या ओल्या त्वचेवर पोचले तरच. थुंकी, घाम, अश्रू, लघवी यांतून लागण होत नाही. एका ताटात जेवा, बाळाचे मुके घेऊ द्या. डास चावताना स्वतःची लाळ आत सोडतो, आधीच्या माणसाचं रक्त नाही. आणि हा विषाणू डासाच्या पोटात वाढत नाही, पचून जातो.

एक सवय मात्र सांभाळा. आपल्याकडे घास चावून मऊ करून बाळाला भरवतात. हिरड्यांतून रक्त येत असेल तर ते घासात उतरतं, आणि अशा भरवण्यातून बाळांना लागण झाल्याच्या नोंदी आहेत. वरणभात हातानं कुस्करून भरवायचा. दाढीचं ब्लेड आणि टूथब्रश ज्याचा त्याचा.

दिरांना सांगा, 2017 च्या एचआयव्ही-एड्स कायद्यानं बाधित स्त्रीला राहत्या घरात राहण्याचा आणि तिथल्या सोयी वापरण्याचा हक्क दिला आहे. घरातच वाळीत पडलेलं माणूस गोळ्या लपून घेतं, मग त्या चुकतात, आणि आटोक्यात आलेला विषाणू पुन्हा वाढतो. वेगळ्या ताटाचं खरं नुकसान हे आहे.

प्रश्न : आमच्या कचरा वेचणाऱ्या बायकांना पिशवीतल्या सुया टोचतात. काय करावं?
(मुकादम, पुणे)

उत्तर : जागा लगेच साबण आणि वाहत्या पाण्यानं धुवा. बोट तोंडात घालू नका, दाबून रक्त काढू नका (आतल्या पेशी दुखावतात), स्पिरिट किंवा ब्लीच ओतू नका. मग थेट सरकारी रुग्णालय गाठून ‘पेप’ विचारा. या एचआयव्ही-प्रतिबंधक गोळ्या पहिल्या दोन तासांत सुरू झाल्या तर उत्तम, 72 तासांनंतर उपयोग नाही. त्या 28 दिवस रोज घ्यायच्या. मळमळ होते म्हणून दहाव्या दिवशी सोडल्या तर संरक्षण अर्धवट राहतं. रक्ताची तपासणी त्याच दिवशी करायची, कारण तीच पुढच्या तपासण्यांशी ताडून बघतात. त्यांच्या तारखा रुग्णालयातच विचारून घ्या.

एचआयव्हीबाधित रुग्णाच्या ताज्या रक्ताची सुई टोचली तरी लागण हजारात साधारण तिघांना होते. कचऱ्यातल्या वाळलेल्या सुईचा धोका त्याहून बराच कमी. पण हेपटायटिस-बीचा (यकृताच्या आजाराचा) विषाणू शरीराबाहेर सात दिवस तग धरतो. म्हणून बायकांना ती लस आधीच टोचून घ्या, आणि सुई टोचली की धनुर्वाताच्या इंजेक्शनचंही विचारा. शंका असेल तर 1097 वर फुकट फोन करता येतो.

प्रश्न : नवरा एचआयव्हीबाधित आहे, मी नाही. त्यांचा व्हायरल लोड (रक्तातलं विषाणूचं प्रमाण) ‘सापडला नाही’ असा अहवाल आलाय. मूल हवंय.
(एक वाचक, कोल्हापूर)

उत्तर : लोड सलग सहा महिने रक्ताच्या मिलिलिटरला विषाणूच्या 200 प्रतींच्या खाली असेल आणि गोळी चुकत नसेल, तर संबंधातून तुम्हाला लागण होत नाही. एकच अहवाल पुरेसा नाही, आधीचाही एआरटी केंद्रात (जिथून एचआयव्हीच्या गोळ्या मिळतात) दाखवून मग ठरवा. तोवर कंडोम वापरा, आणि त्याला खोबरेल तेल किंवा व्हॅसलीन लावू नका. तेलानं लॅटेक्स काही मिनिटांत कमजोर होऊन फाटतं. पाण्यात विरघळणारं जेल चालतं.