वाचकांचे प्रश्न: एकाच शेकात काय होणार?

या महिन्यात पत्रं बरीचशी एकाच विषयावरची आली, कॅन्सर पसरलाय, डॉक्टर म्हणतात मुळापासून बरा नाही होणार, मग आता घरच्यांनी करायचं काय. त्यातली चार घेतली आहेत, नावं काढून टाकली. (शेक म्हणजे मशीनवर दिलेलं रेडिएशन.)

प्रश्न: मॅडम, माझ्या मामाजींना प्रोस्टेटचा कॅन्सर आहे, आता हाडात गेला म्हणून सांगितलं. कंबर आणि मांडी एवढी दुखून राहिली की रात्री कूस बदलता येत नाही. डॉक्टरांनी एकच शेक दिला अन् घरी न्या म्हटलं. शेजारच्या काकांना घशाला ३५ दिले होते! आमचा पेशंट सरकारी योजनेत आहे म्हणून असं निपटवलं का? त्यात शेक दिल्यावर तिसऱ्या दिवसापासून दुखणं उलट वाढलं, आमचे मिस्टर म्हणून राहिले की शेकानंच बिघडवलं. (एक सून, मानेवाडा)

उत्तर: ताई, आधी हे सांगून टाकते की डॉक्टरांनी हात वर केलेले नाहीत आणि योजनेचा याच्याशी काही संबंध नाही, पैसे भरून येणाऱ्यालाही या कामासाठी आम्ही बहुतेक वेळा हेच देतो. काकांचे ३५ आणि मामाजींचा १, यांचं कामच वेगळं. काकांचा घशातला कॅन्सर पूर्ण मारायचा होता, त्याला ७० ग्रेपर्यंत (ग्रे म्हणजे रेडिएशन मोजायचं माप) डोस लागतो, तो थोडक्यात उरकला तर आजूबाजूचं चांगलं मांस, लाळेच्या ग्रंथी सगळं कायमचं खराब होईल, म्हणून रोज २ ग्रे असं करत सात आठवडे चालतं. मामाजींच्या हाडातलं दुखणं उतरवायचं आहे, त्याला ८ ग्रेचा एक डोस पुरतो. हे मी मनचं सांगत नाही, एक शेक की पाच-दहा शेक याची तुलना पंचवीसेक ट्रायलमध्ये हजारो पेशंटवर झालेली आहे आणि आराम दोन्हीकडे सारखाच पडला, शंभरात साठेक जणांना. फरक कुठे पडतो तर पुढे दुखणं परत आल्यावर पुन्हा शेक द्यावा लागण्यात, एकवाल्यांत शंभरात वीसेक जणांना लागतो आणि जास्तवाल्यांत आठेक जणांना. पण लागला तर देता येतो की, साधारण महिनाभर मध्ये जाऊ दिला म्हणजे झालं. आता ज्या माणसाला ऑटोत बसतानाच कळ येते त्याला दहा दिवस रोज आणून त्या कडक टेबलावर सरळ झोपवायचं, तेही मे महिन्याच्या नागपुरात, मला तर हे पटत नाही. हाड मोडायच्या बेतात असेल किंवा मणक्याची नस दबत असेल तर गोष्ट वेगळी, तिथे आम्हीच जास्त शेक देतो किंवा आधी ऑपरेशनवाल्यांना विचारतो.

दुखणं वाढलं त्याबद्दल तुमच्या मिस्टरांना सांगा की शेक दिलेल्या जागी आतून थोडी सूज येते, तीनातल्या साधारण एकाला पहिल्या काही दिवसांत असं होतं आणि आठवड्याच्या आत बसतं. हे आधी कोणीतरी तुम्हाला सांगायला पाहिजे होतं, ते सांगितलं नाही याचा मला राग येतो, ओपीडीत गर्दी असते हे मान्य, पण दोन वाक्यांचं काम आहे. डॉक्टरांना फोन करा, गरज वाटली तर ते दोन-चार दिवस डेक्सामेथासोनची (सूज उतरवणारी स्टिरॉइड) गोळी देतील, मामाजींना शुगर असेल तर तेवढं नक्की सांगा कारण या गोळीनं शुगर चढते. चालू असलेल्या दुखण्याच्या गोळ्या स्वतःहून बंद करू नका, शेकाचा खरा फायदा दिसायला दोन ते चार आठवडे लागतात, तोपर्यंत गोळ्यांवरच काढायचं आहे.

आणि हे घरातल्या सगळ्यांना वाचून दाखवा. हाडात गेलेल्या कॅन्सरमध्ये पाठीचं दुखणं अचानक वाढलं, खोकलताना पाठीत कळ निघाली, पाय जड पडले, चालताना चप्पल पायातून निसटू लागली, जांघेत बधीर वाटलं किंवा लघवी अडकली तर सोमवारच्या ओपीडीची वाट पाहायची नाही, त्याच दिवशी, रात्र असली तरी, एमआरआय होईल अशा मोठ्या हॉस्पिटलमध्ये न्यायचं, गाडी नसेल तर १०८ ला फोन. मणक्यात नस दबत असते. चालता येत असतानाच उपचार सुरू झाला तर बहुतेकांचं चालणं टिकतं, पाय पूर्ण गेल्यावर आणलं तर परत येणं फार कठीण. लोक मुंग्या येतात म्हणून तेल चोळत बसतात आणि दोन दिवस जातात!

प्रश्न: बाबांना स्वादुपिंडाचा कॅन्सर आहे, पोटात फार दुखतं म्हणून मॉर्फिनच्या गोळ्या लिहून दिल्या. मोठे काका म्हणतात हे शेवटचं औषध असते, सवय लागेल. म्हणून आई गोळ्या लपवून ठेवते, बाबा फारच कळवळले की मग एक देते. संडास चार-चार दिवस होत नाही. आणि संपल्यावर मेडिकलवाला म्हणतो आमच्याकडे नाही. (एक मुलगा, काटोल)

उत्तर: कळवळल्यावर दिली की गोळी दुखण्याच्या मागे पळत राहते, कधीच पोचत नाही. साधी मॉर्फिन चार तास काम करते म्हणून ती दर चार तासांनी घड्याळ लावून द्यायची असते, दुखत नसलं तरी, आणि रात्री झोपमोड नको म्हणून झोपताना दुप्पट डोस द्यायची पद्धत आहे, पण ते डॉक्टरांनी लिहून दिलं असेल तरच. आईंना रागावू नका, त्यांना भीती घातली आहे. काकांना सांगा की हे दुखण्याचं औषध आहे, मरणाचं नाही, काही पेशंट वर्षभरसुद्धा घेतात, आणि कॅन्सरच्या दुखण्यासाठी नीट दिलेल्या मॉर्फिननं व्यसन लागणं फार कमी दिसतं. शरीराला गोळीची सवय होते हे खरं, म्हणूनच शेकानं वगैरे दुखणं कमी झालं तरी एकदम बंद करायची नाही, हळूहळू उतरवायची.

पहिले दोन-तीन दिवस गुंगी आणि मळमळ होऊ शकते, ती जाते. संडासचं मात्र जात नाही, त्यामुळे मॉर्फिन सुरू झाली त्याच दिवशी पोट साफ व्हायचं औषधही सुरू व्हायला पाहिजे आणि रोज चालायला पाहिजे, इसबगोल आणि केळ्यानं हे भागत नाही. हाक मारूनही नीट जाग येत नसेल, श्वास फार सावकाश चालला असेल तर पुढची गोळी थांबवून लगेच डॉक्टरांना गाठा. किडनीचा त्रास असेल तर तेही सांगून ठेवा.

मेडिकलवाल्याकडे (म्हणजे दुकान हो, आपलं मेडिकल कॉलेज नाही) ही गोळी सहसा मिळणारच नाही. २०१४ मध्ये एनडीपीएस कायदा (अमली पदार्थांचा कायदा) बदलला, तेव्हापासून मान्यता घेतलेली हॉस्पिटलं मॉर्फिन ठेवू शकतात, म्हणून जिथे लिहून दिली तिथल्याच पेन किंवा पॅलिएटिव्ह (म्हणजे त्रास कमी करणाऱ्या उपचारांच्या) ओपीडीतून, संपायच्या आठवडाभर आधी, घेऊन या. बाबांना नागपूरपर्यंत ओढत आणायच्या आधी फोनवर विचारा की फाईल घेऊन नातेवाईक आला तर चालतं का. घरी करणं अगदीच होत नसेल तर शेवटच्या स्टेजच्या कॅन्सर पेशंटसाठी स्नेहांचल हे केंद्र नागपुरातच आहे, तिथेही चौकशी करा.

प्रश्न: लहान भावाच्या गालाला खर्र्यानं (तंबाखू-सुपारीनं) कॅन्सर झाला, जखम बाहेर फुटली. वासामुळे खोलीत कोणी थांबत नाही, वहिनी दिवसभर अगरबत्त्या लावून राहिली. तो अजूनही खर्रा मागतो. (एक बहीण, उत्तर नागपूर)

उत्तर: अगरबत्ती बंद करा, दोन वास मिळून त्यालाच जास्त मळमळेल. हा वास जखमेतल्या जंतूंचा असतो, त्यावर मेट्रोनिडाझोल हे जंतू मारायचं औषध फार चांगलं चालतं, स्वस्तही आहे. डॉक्टरांना विचारून साध्या गोळ्यांची बारीक पूड करून जखम धुतल्यावर भुरभुरायची, दोन-चार दिवसांत फरक पडतो. धुवायला अर्धा लिटर उकळून गार केलेलं पाणी आणि त्यात एक छोटा चमचा मीठ. पट्टी चिकटली असेल तर ओढायची नाही, याच पाण्यानं भिजवून सुटू द्यायची, नाही तर रक्त सुरू होतं. अळ्या दिसल्या तर घाबरू नका, लाजू तर मुळीच नका, आपल्याकडे उघड्या जखमांना माश्या बसतात, ड्रेसिंगवाल्या सिस्टर काढून देतात. गडद रंगाचे दोन टॉवेल हाताशी ठेवा, जखमेतून रक्त आलंच तर त्यानं दाबून धरायचं, पांढऱ्या कपड्यावर थोडंसंच रक्त पाहूनही माणूस घाबरतो.

रेडिएशनवाल्या डॉक्टरांना एकदा दाखवा. जखम सुकवायला, रक्त थांबवायला मोजके शेक देता येतात, काही ठिकाणी पहिल्या दिवशी एक, मग सातव्या आणि एकविसाव्या दिवशी एकेक असे तीनच देतात. मेडिकलचा रेडिओथेरपी विभाग, तुकडोजी कॅन्सर हॉस्पिटल, जामठ्याची नॅशनल कॅन्सर इन्स्टिट्यूट, जे जवळ पडेल तिथे जा, रेशन कार्ड आणि आधार सोबत ठेवा, महात्मा फुले योजनेसाठी लागतात.

खर्र्याचं म्हणाल तर जखमेची आग त्यानं वाढते आणि शेक सुरू असताना तोंड जास्त सोलतं, हे त्याला एकदा शांतपणे सांगा. रोज उठून 'तूच ओढवून घेतलं' हे ऐकवू नका, त्याला ते तुमच्यापेक्षा चांगलं माहीत आहे.

प्रश्न: आजीला मशीनवर शेक चालू आहे. आमचं सहा महिन्यांचं लेकरू तिच्याजवळ देऊ का? (नंदनवन)

उत्तर: द्या. बाहेरच्या मशीनचा शेक संपला की अंगात काही उरत नाही, कपड्यात नाही, ताटात नाही, घामातही नाही. थायरॉईडसाठी किरणं सोडणारं आयोडीन पाजतात त्याचे नियम वेगळे, तुमच्या आजीचं ते नाही. फक्त लेकराला सर्दी-ताप असेल तर ते बरं होईपर्यंत आजीपासून लांब ठेवा.