‘देशी हिपहॉप’ नको, मग काय?

प्रश्न असा : ‘इंडिजिनस हिपहॉप’ला मराठीत ‘देशी हिपहॉप’ म्हटलं तर चालेल का?

नाही चालणार. कोशात हा अर्थ सापडेल, पण शब्द आधीच दुसऱ्या कामाला जुंपलेला आहे. युद्धनौका ‘इंडिजिनस’ असते तेव्हा ती स्वदेशी बनावटीची असते, आणि ‘देसी हिपहॉप’ म्हणजे भारतीय रॅप हे तर रूढच झालंय. इथे विषय आहे न्यूझीलंडमधले माओरी, ऑस्ट्रेलियातले ॲबोरिजिनल, ब्राझीलमधले गुआरानी यांचा. बाहेरून आलेल्यांनी ज्यांना त्यांच्याच जमिनीवर उपरं ठरवलं, त्यांच्या रॅपचा.

‘मूळ रहिवासी’ म्हटलं की मला दाखल्याचा अर्ज दिसू लागतो. ‘मूलनिवासी’ अर्थाने जवळचा, पण मराठीत त्याला स्वतःचा वेगळा वाद चिकटलाय. ‘भूमिपुत्र’चंही तेच, नाहीतर तो छान बसला असता. माओरी स्वतःला ‘तांगाता फेनुआ’ म्हणतात, म्हणजे भूमीची माणसं. आणि ‘फेनुआ’चा दुसरा अर्थ वार, जिला बाळाची नाळ जोडलेली असते ती. आपण ‘मातीशी नाळ जुळलेली’ म्हणतो, ते तिथे एका शब्दात मावतं.

मी ‘आदिवासी हिपहॉप’ लिहितो. एकाच समाजाबद्दल बोलायचं असेल तर सरळ माओरी रॅप, गुआरानी रॅप.

हे रॅपर शब्दांशी कसे खेळतात तेही बघण्यासारखं आहे. ऑस्ट्रेलियातल्या एका जोडीने ‘ॲबोरिजिनल’ हाच शब्द फोडून ‘ए. बी. ओरिजिनल’ असं नाव घेतलं. त्यांचं २०१६ चं गाणं ‘जानेवारी २६’. १७८८ मध्ये या तारखेला सिडनीत ब्रिटिश वसाहतीची सुरुवात झाली. सरकारी सण तेव्हाच असतो आणि गाण्याचा राग त्यावरच आहे. मराठीत शीर्षक तसंच ठेवलं तर वाचकाला ध्वजवंदन आठवणार, तेव्हा टीप द्यावीच लागेल.

न्यूझीलंडमध्ये शाळेत माओरी बोललं की पोरांना मार बसत असे. ती अधिकृत भाषा झाली १९८७ मध्ये, आणि पुढच्याच वर्षी अप्पर हट पॉसी या गटाचं ‘ए तू’ आलं : इंग्रजी रॅप, मध्ये माओरी, शिवाय इंग्रजांशी लढलेल्या माओरी सरदारांची नावं. देवनागरीत ‘ए तू’ वाचताना कुणीतरी हटकल्यासारखं वाटतं. माओरीत त्याचा अर्थ ‘उभा राहा’.