पूर्वप्रकाशित लेखनावर पीएच.डी. मिळते का?

प्रश्न : मी सातारा जिल्ह्यातील एका महाविद्यालयात अर्थशास्त्र शिकवतो. शेतमालाच्या बाजारपेठेवर माझे अकरा शोधनिबंध आणि एक पुस्तक प्रसिद्ध झाले आहे. ब्रिटनमध्ये अशा लेखनावरच पीएच.डी. मिळते, असे ऐकतो. मला ती घेता येईल का, आणि ती येथे चालेल का?

उत्तर : ब्रिटनमधील अनेक विद्यापीठांत ही सोय आहे, मात्र तिचे दार सर्वांना सारखे उघडे नसते. बऱ्याच ठिकाणी ती स्वतःच्या माजी विद्यार्थ्यांपुरती किंवा सेवेतील अध्यापकांपुरती राखलेली असते, त्यामुळे विद्यापीठ निवडताना शुल्काआधी पात्रतेची अट वाचावी. १९२९ मध्ये केंब्रिजने तत्त्वज्ञ विटगेन्श्टाइन यांचे आधीच छापलेले ‘ट्रॅक्टेटस’ हे पुस्तक प्रबंध म्हणून स्वीकारले आणि रसेल व मूर या तत्त्वज्ञांनी त्यांची तोंडी परीक्षा घेतली, हे उदाहरण या संदर्भात नेहमी दिले जाते; पण त्यावरून आपला अंदाज बांधू नये.

नव्याने काही लिहावे लागत नाही, हा समज बरोबर नाही. निवडक निबंधांसोबत एक विवेचक टिपण जोडावे लागते, आणि ते पुष्कळदा पाच ते दहा हजार शब्दांचे असते. सर्व निबंधांतून एकच संशोधनप्रश्न कसा पुढे गेला, त्यातून ज्ञानात नेमकी कोणती भर पडली, हे त्यात दाखवायचे असते. परीक्षक तोंडी परीक्षेत मुख्यतः त्यालाच हात घालतात. अकरापैकी चार निबंध हमीभावावर, तीन बाजार समित्यांवर आणि उरलेले निमंत्रणावरून लिहिलेले किरकोळ विषयांवरचे असतील, तर ते उरलेले सरळ बाजूला ठेवावेत. जेथे सहलेखक आहेत तेथे विदा (डेटा) कोणी गोळा केली, विश्लेषण कोणी केले, मसुदा कोणी लिहिला, याचे त्यांच्या सहीचे निवेदन बहुधा मागतात. जुन्या सहलेखकाशी बोलणे तुटले असेल, तर अडचण येते ती इथेच.

आता येथील प्रश्न. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या नियमांत प्रवेश, किमान बारा श्रेयांकांचा (क्रेडिट) अभ्यासक्रम, मार्गदर्शक आणि किमान तीन वर्षांचा कालावधी गृहीत धरला आहे; केवळ जुन्या लेखनावर पदवी देण्याची वाट त्यांत नाही. दूरस्थ वा ऑनलाइन पीएच.डी.लाही तेथे मनाई आहे. परदेशी विद्यापीठांच्या नावाने खासगी कंपन्या ज्या ऑनलाइन पीएच.डी. विकतात, त्या मान्य नसल्याचे आयोगाने आणि अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेने त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये जाहीर केले. ‘घरबसल्या, प्रकाशनांवर डॉक्टरेट’ असे व्हॉट्सॲपवर येणारे निरोप तुम्हालाही आले असतील. तेथे पैसे भरू नयेत.

आपला हेतू बढती किंवा वेतननिश्चिती असेल, तर माझा कल येथेच रीतसर नोंदणी करण्याकडे आहे, कारण ब्रिटिश पदवी मिळाली तरी तिची समकक्षता, म्हणजे ती येथील पदवीच्या तोडीची आहे हे, सिद्ध करण्याचे काम उरतेच. आपले निबंध तेव्हाही वाया जात नाहीत. त्यांतील निष्कर्ष प्रबंधात येऊ शकतात, मात्र स्वतःचा मजकूरही संदर्भ न देता जसाच्या तसा उचलला तर तो वाङ्मयचौर्यात मोडतो. केवळ विद्वत्तेची दाद हवी असेल आणि खर्च झेपत असेल, तर ब्रिटनचा विचार जरूर करावा. त्यासाठी प्रथम त्या विवेचक टिपणाचा आराखडा दोन पानांत लिहून एखाद्या जाणकाराकडून तपासून घ्यावे.