खासदाराने आपल्या राजदूताला धारेवर धरलं, तर जाणं पुढे ढकलायचं का?

तुमचा प्रश्न असा आहे: जिथे जायचं ठरवलंय, तिथल्या एका खासदाराने संसदीय समितीत तुमच्या देशाच्या राजदूताला पाळत, सुरक्षा आणि दोन्ही देशांतल्या तणावावरून धारेवर धरलं. आता व्हिसाचं आणि तिथल्या राहण्याचं काय?

त्या बैठकीमुळे तुमच्या अर्जावर थेट काहीच परिणाम होत नाही. राजदूत समितीपुढे येतो तो निमंत्रणावरून. राजनैतिक अधिकाऱ्यांचे हक्क ठरवणाऱ्या १९६१च्या व्हिएन्ना कराराच्या कलम ३१ प्रमाणे त्याला साक्षीची सक्ती करता येत नाही, आणि कलम ४१ प्रमाणे त्याचा सरकारी व्यवहार मुख्यतः परराष्ट्र खात्यामार्फत चालतो. खासदार कितीही कडक बोलला तरी त्यातून आदेश निघत नाही.

खरं लक्ष ठेवायचं ते नंतरच्या हालचालींवर. राजदूताला परराष्ट्र खात्यात बोलावून निषेध नोंदवणं ही नेहमीची पायरी, तिने घाबरू नका. अधिकाऱ्यांना परत पाठवायला सुरुवात झाली (कलम ९, कारण द्यावं लागत नाही) किंवा कर्मचारी कमी करायला सांगितलं, की मात्र झळ तुमच्यापर्यंत येते, कारण अर्ज तपासणारी माणसंच उरत नाहीत. २०२३ मध्ये नेमकं हेच झालं. सप्टेंबरमध्ये कॅनडाच्या संसदेत, निज्जर हत्येत भारताचा हात असल्याचे आरोप झाले, २१ सप्टेंबरला भारताने कॅनडाच्या नागरिकांचे व्हिसा थांबवले. ऑक्टोबरमध्ये कॅनडाने ४१ राजनैतिक अधिकारी भारतातून परत नेले; मुंबई, चंडीगड आणि बंगळुरूतली समोरासमोरची सेवा बंद पडली आणि भारतातले इमिग्रेशन कर्मचारी २७ वरून ५ वर आले. कॅनडाचा पासपोर्ट घेतलेले पण ओसीआय कार्ड (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना व्हिसाशिवाय येऊ देणारं कार्ड) न काढलेले भारतीय वंशाचे लोक त्या काळात अडकले. ओसीआय असलेल्यांचं येणं-जाणं चालू राहिलं.

म्हणून जे कागद वकिलातीच्या काउंटरवर अवलंबून आहेत ते निघण्याआधीच उरका. पासपोर्टची मुदत कमी असेल तर इथूनच नवा काढा. पोलिसांचा चारित्र्य दाखला, पदव्या आणि जन्मदाखल्यावर अपॉस्टिल (परदेशात कागद ग्राह्य धरला जावा म्हणूनचा सरकारी शिक्का), घरच्यांच्या नावे मुखत्यारपत्र, हे सगळं मायदेशात सोपं आहे आणि परदेशातून फार कटकटीचं. बायोमेट्रिक्सची (बोटांचे ठसे आणि फोटो देण्याची) तारीख मिळत असेल तर तणाव निवळायची वाट पाहू नका.

सुरक्षेबद्दल लोकांचा एक मोठा गैरसमज असतो: अडचणीत आलो तर वकिलात सोडवेल. वाणिज्य दूतावासांबद्दलच्या १९६३च्या व्हिएन्ना करारातलं कलम ३६ एवढंच देतं की अटक झाल्यावर पोलिसांनी तुम्हाला विनाविलंब सांगायचं, की तुमच्या वाणिज्य दूतावासाला कळवता येतं. तुम्ही मागणी केली तर कळवायचं. अधिकारी भेटू शकतात, वकील मिळवून देऊ शकतात. सुटका करणं त्यांच्या हातात नाही. ॲरिझोनात दोन जर्मन भावांना हा हक्क वेळेवर सांगितलाच नव्हता. दोघांनाही १९९९ मध्ये मृत्युदंडाची शिक्षा अमलात आणून मारलं गेलं, आणि हा हक्क व्यक्तीचाही आहे हा निकाल आंतरराष्ट्रीय न्यायालयाने दिला तो २००१ मध्ये. त्यामुळे पोलिसांची वाट न पाहता स्वतः मागा, पहिल्याच तासात.

उलट, भीती स्वतःच्याच सरकारच्या पाळतीची असेल तर न कळवण्याचा पर्याय सहसा तुमचा असतो. काही देशांच्या द्विपक्षीय करारांत मात्र कळवणं सक्तीचं आहे. तुमच्या दोन देशांत काय ठरलंय ते आधी बघा. धमकीचे फोन किंवा संदेश आले तर तारीख, वेळ, नंबर आणि स्क्रीनशॉट ठेवा आणि स्थानिक पोलिसांत तक्रार करून नोंद क्रमांक घ्या. मग त्या क्रमांकासह आपल्या भागाच्या खासदाराच्या कार्यालयाला लिहा. ब्रिटन, कॅनडात मत नसलेल्या रहिवाशाचंही काम खासदाराचं कार्यालय घेतं.

पुढे तिथलं नागरिकत्व घेऊन जुनंही ठेवता येत असेल, तर जुन्या देशात गेल्यावर नव्या देशाच्या वकिलातीवर फार विसंबू नका. जुन्या देशाचे अधिकारी तुम्हाला आपलाच नागरिक धरतात, आणि बऱ्याचदा भेटीची परवानगीही नाकारतात.