साइन-कॉस असलेल्या राशींचे अवयव कसे पाडायचे?

२अ² − ३अ + १ चे अवयव तुम्हाला चटकन पाडता येतात, पण गृहपाठात २साइन²क − ३साइन क + १ आलं की हात थांबतो, आणि २कॉस²क + साइन क − १ ची तर सुरुवातच सुचत नाही, असं तुम्ही लिहिलंय.

दहावी-अकरावीच्या मुलांना शिकवताना मला हा अडथळा दरवर्षी दिसतो. अवयव त्यांना येत असतात. पण ‘साइन क’ म्हणजे साइन गुणिले क, असं डोक्यात कुठेतरी बसलेलं असतं. साइन क ही अख्खी एकच संख्या आहे. आर्यभटाची ‘ज्या’, म्हणजे वर्तुळातल्या अर्ध्या जीवेची लांबी, आठवा: त्रिज्या ३४३८ धरली तर ३०° ची ज्या १७१९, बरोबर निम्मी. तेच आज आपण साइन ३०° = १/२ असं लिहितो. म्हणूनच साइन २क मधला २ सामाईक म्हणून बाहेर काढता येत नाही.

तर साइन क च्या जागी सरळ ‘स’ लिहा. पहिली राशी २स² − ३स + १. मधलं पद फोडा: २स² − २स − स + १, म्हणजे (स − १)(२स − १). शेवटी स काढून साइन क परत लिहायला विसरू नका.

दुसरीत साइन आणि कॉस दोन्ही आहेत, तेव्हा आधी एकाला घालवायला हवं. कोणाला? जो फक्त वर्गात आहे त्याला. साइनला बदलायला गेलात तर वर्गमूळ येईल आणि सगळं बिघडेल. साइन²क + कॉस²क = १ असतं, म्हणून कॉस²क = १ − स² ठेवा:

२ − २स² + स − १ = १ + स − २स² = (१ − स)(१ + २स)

पडताळा घ्याच. क = ३०° घेतला तर मूळ राशी ३/२ + १/२ − १ = १, आणि अवयवांचा गुणाकार १/२ × २ = १. जुळलं.

साइन⁴क − कॉस⁴क सारखं काही आलं तर मात्र काहीच बदलू नका. तो वर्गांमधला फरक आहे: (साइन²क − कॉस²क)(साइन²क + कॉस²क), आणि दुसरा कंस १ च आहे.

गृहपाठात पुढे समीकरणं येतील, तिथे एक काळजी घ्या. साइन क × कॉस क = साइन क हे सोडवताना अकरावीत मी दोन्ही बाजूंना साइन क ने भागलं होतं. कॉस क = १ उरलं, ०° ते ३६०° मध्ये (३६०° सोडून) फक्त ०° मिळालं आणि निम्मे गुण गेले. साइन क शून्य असू शकतो, त्याने भागता येत नाही. सगळं एका बाजूला आणून साइन क (कॉस क − १) = ० असं लिहिलं की ०° सोबत १८०° ही सापडतो.