गाईला कॅल्शियमची बाटली लावताना डॉक्टर ठोके का ऐकत बसतात?
आमच्या रावेरकडच्या गोठ्यात पाहिलंय: गाय व्यायली, दुसऱ्या दिवशी मान पोटाकडे वळवून बसली, कान गार. डॉक्टरांनी बाटली शिरेतून अगदी हळू सोडली, पण कानातली नळी काही काढली नाही. हृदयाचा ठोका सुरू करणाऱ्या पेशींना ठिणगी देतं ते आत शिरणारं कॅल्शियम. गाय, माणूस, उंदीर, सगळ्यांत हेच. उंदराचे ठोके मिनिटाला 500च्या वर, आपले 70च्या आसपास, एवढाच फरक. कमी पडलं तर ठोका दुबळा, एकदम जास्त गेलं तर लय बिघडते, हृदय थांबूही शकतं. बेडकाचं हृदय तर कॅल्शियम नसलेल्या मिठाच्या पाण्यात थांबतंच. सिडनी रिंगर या ब्रिटिश डॉक्टरने हे 1883 मध्येच दाखवलं होतं. तेव्हा घाई असली तरी बाटली भरभर चढवायला लावू नका.